रस्त्यामुळे बेडूक वेगळे झाले का? मार्कर निवडण्याआधी अडथळ्याचं वय मोजा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: मुंबईत एमएस्सीचा प्रकल्प करायचा आहे. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान, आरे, आणि तुलनेसाठी तुंगारेश्वर व कर्नाळा अशा चार ठिकाणच्या बेडकांमध्ये रस्ते आणि वस्तीमुळे जनुकीय फरक पडलाय का, हे बघायचं आहे. सर म्हणतात १६एस कर, सीनियर म्हणते मायक्रोसॅटेलाइट कर, आणि अलीकडचा कुठलाही पेपर उघडला की हजारो एसएनपी, म्हणजे डीएनएतले एकेका अक्षराचे फरक. हातात एक पावसाळा आणि बेताचे पैसे. मग कोणता मार्कर, म्हणजे फरक मोजायला डीएनएचा कोणता भाग, घ्यायचा?

मी बरीच वर्षं उभयचरांच्या जनुकीय अभ्यासात आहे आणि हा प्रश्न मला दर वर्षी कुणी ना कुणी विचारतं. तिघांचंही म्हणणं आपापल्या जागी बरोबर आहे, कारण तिघं वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देत आहेत. तुमची खरी अडचण मार्करची नाही. तुम्ही ज्या अडथळ्यांबद्दल विचारताय त्यांची वयं एकमेकांपासून फार लांब आहेत, आणि प्रत्येक मार्कर ठरावीक काळातलीच घडामोड दाखवतो. तासकाट्याकडे बघून सेकंद मोजता येत नाहीत, तसंच हे. म्हणून आधी अडथळ्यांकडे बघू.

उद्यान आणि तुंगारेश्वर यांच्यामध्ये वसईची खाडी आहे. ती माणसाने केलेली नाही. सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी हिमयुग ऐन भरात असताना समुद्राची पातळी आजच्यापेक्षा साधारण १२० मीटर खाली होती. तेव्हा साष्टी, म्हणजे उद्यान ज्यावर आहे ते मुंबईचं बेट, हे बेटच नव्हतं, बेडकाला इथून तिथे जमिनीवरून जाता येत होतं. समुद्र आजच्या पातळीच्या जवळपास आला तो सहा-सात हजार वर्षांपूर्वी. म्हणजे खाडीचं वय हजारो वर्षं. विहार तलाव १८६० मध्ये पूर्ण झाला. पाण्यातच राहणाऱ्या बेडकाला तो तलाव म्हणजे घर, पण जंगलातल्या पालापाचोळ्यात राहणाऱ्याला तोच अडथळा, वय दीडशे वर्षांहून थोडं जास्त. आणि आरेतून जाणारा रस्ता, जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड, घोडबंदर रस्त्यावरची आजची वाहतूक, यांचं वय काही दशकांचं. लहान बेडकांची पिढी एक-दोन वर्षांची धरली, तर खाडीला काही हजार पिढ्या झाल्या, विहारला शंभराच्या आसपास, आणि रस्त्यांना फार तर वीस-पंचवीस.

आता गणित बघा. हे मी मुद्दाम सविस्तर लिहितोय, कारण प्रकल्प इथेच तरतो किंवा बुडतो. एक सलग वसाहत दोन भागांत तुटली आणि येणं-जाणं पूर्ण थांबलं, तर दोन्ही बाजूंचा फरक, म्हणजे एफएसटी, दर पिढीला थोडा थोडा वाढतो. किती वाढतो ते प्रत्येक बाजूला प्रत्यक्ष प्रजननात भाग घेणारे बेडूक किती यावर ठरतं. या प्रभावी संख्येला एन म्हणू. दर पिढीची वाढ साधारण एक भागिले दोन एन इतकी. एन हजार असेल आणि पंचवीस पिढ्या झाल्या असतील, तर एफएसटी येतो ०.०१२ च्या आसपास. एन पन्नासच असेल, तर त्याच पंचवीस पिढ्यांत तो ०.२२ च्या घरात जातो. रस्ता तोच, वर्षं तेवढीच, उत्तरात जवळजवळ वीसपट फरक.

आणि हे पूर्ण बंदीचं गणित झालं. रस्त्याखालच्या मोरीतून पावसाळ्यात दर पिढीला चार-पाच बेडूक जरी पलीकडे जाऊन प्रजनन करत असतील, तरी एफएसटी कितीही काळ गेला तरी ०.०५ च्या वर फारसा चढत नाही. मुंबईत मोऱ्या आणि नाले किती आहेत ते तुम्हाला सांगायला नको.

हे लक्षात घेतलं की तिघांचे सल्ले आपोआप जागेवर बसतात.

१६एस हा मायटोकॉन्ड्रियातला जनुक. नेहमीच्या प्रायमरने (डीएनएचा हवा तो भाग पकडून त्याच्या प्रती काढायला लागणारा छोटा तुकडा) साडेपाचशेच्या आसपास बेसचा, म्हणजे डीएनएच्या अक्षरांचा, तुकडा मिळतो. तो इतका सावकाश बदलतो की खाडीच्या सहा हजार वर्षांतसुद्धा त्या तुकड्यात एखादा नवा बदल होऊन स्थिरावण्याची शक्यता फार कमी आहे. रस्त्याचं तर नावच नको. आधीपासून असलेल्या हॅप्लोटाइपचं, म्हणजे या तुकड्याच्या वेगवेगळ्या रूपांचं, प्रमाण दोन्ही बाजूंना वेगळं झालेलं दिसू शकतं, पण मायटोकॉन्ड्रिया फक्त आईकडून येतो आणि सगळा मिळून एकच लोकस, म्हणजे डीएनएवरची एकच जागा, धरला जातो. एका साक्षीदाराच्या जबानीवर निकाल देऊ नये. सायटोक्रोम बी किंवा एनडी२ हे मायटोकॉन्ड्रियातले दुसरे जनुक थोडे जलद बदलतात, पण हा आक्षेप त्यांनाही लागू आहेच. एनडी५ मात्र टाळा. आपल्या मोठ्या बेडकात, होप्लोबॅट्रॅकस टायगेरिनसमध्ये, मायटोकॉन्ड्रियाच्या जीनोमची मांडणीच वेगळी आहे आणि एनडी५ च्या दोन प्रती आहेत. त्याचं कुठलंही नवं मायटोकॉन्ड्रियल प्रायमर वापरण्याआधी त्याच जातीचा पूर्ण मायटोजीनोम उघडून जुळवून बघा.

तरीही तुमच्या सरांचं म्हणणं मी टाकून देणार नाही. १६एस कराच, प्रत्येक नमुन्याचं करा. पण विविधता मोजायला नाही, जात पक्की करायला.

यावर थोडं थांबतो. पहिल्या पावसानंतर आरेतल्या डबक्याकाठी टॉर्च मारली की तपकिरी, पाठीवर सुरकुत्यांसारख्या घड्या असलेले दोन-तीन सेंटिमीटरचे बेडूक पायापायाला उड्या मारतात. हे मिनर्वारिया, जुन्या पेपरांत फेजर्वारिया नावाने सापडतील. सह्याद्री आणि कोकणात या गटाच्या अनेक जाती आहेत. त्या डोळ्यांनी ओळखणं मुरलेल्या माणसालाही अवघड जातं. काहींच्या पाठीवर मधोमध पिवळसर रेघ असते, काहींच्या नसते, आणि एकाच जातीत दोन्ही प्रकार सापडतात, म्हणजे त्या रेघेवरही जाता येत नाही. नराचा आवाज रेकॉर्ड केला तर बरीच मदत होते, पण मादी ओरडत नाही. बिळात राहणाऱ्या स्फेरोथेकाचंही तसंच. २०१७ मध्ये पुण्याच्या संशोधकांनी त्यातून स्फेरोथेका पश्चिमा ही वेगळी जात दाखवली, तोवर आपल्याकडचे असे बेडूक सरसकट जुन्याच नावाखाली नोंदले जात होते.

समजा रस्त्याच्या अलीकडे तुम्हाला एक जात जास्त मिळाली आणि पलीकडे तिच्यासारखीच दिसणारी दुसरी. मायक्रोसॅटेलाइटचा डेटा ‘स्ट्रक्चर’ नावाच्या, प्राण्यांचे जनुकीय गट पाडणाऱ्या प्रोग्रॅममध्ये घातलात की दोन स्वच्छ रंगांचे गट येतील. आलेख इतका देखणा असेल की तोच प्रबंधाच्या पहिल्या पानावर लावावासा वाटेल. पण त्याचा रस्त्याशी काही संबंध नसेल, तुम्ही दोन जाती एकत्र केलेल्या असतील. दोन्ही जाती दोन्हीकडे मिसळलेल्या असतील, तर हेटेरोझायगोट, म्हणजे एकाच जागी आईवडिलांकडून दोन वेगळी रूपं मिळालेले प्राणी, अपेक्षेपेक्षा कमी दिसतील आणि तुम्ही ते अंतःप्रजनन म्हणून लिहाल. १६एस हे दोन्ही धोके थोड्या पैशात टाळतं. खाजगी सिक्वेन्सिंग सेवा आता सगळीकडे आहेत आणि एका नमुन्याचा हा खर्च बाकी सगळ्याच्या मानाने नगण्य आहे.

आता मायक्रोसॅटेलाइट. दोन ते सहा बेसचा तुकडा पुन्हा पुन्हा येतो, आणि किती वेळा येतो ते प्राण्यागणिक बदलतं. बदलाचा वेग साध्या बेसपेक्षा कितीतरी पट जास्त असल्यामुळे एका लोकसला दहा-पंधरा अलील, म्हणजे वेगवेगळी रूपं, सहज मिळतात. अलीकडच्या काळातल्या घडामोडींसाठी हा मार्कर चांगला, जुनं सीक्वेन्सर यंत्र असलेल्या प्रयोगशाळेतही होतो. अडचण अशी की प्रायमर जातीगणिक वेगळे लागतात. जवळच्या जातीचे उसने घेतले तर काही चालतात, काही चालत नाहीत, आणि काही अर्धवट चालतात. हे अर्धवट चालणारेच घातक. प्रायमरच्या जागेवर एखादा बेस बदललेला असला की एक अलील वाढतच नाही, आणि हेटेरोझायगोट प्राणी होमोझायगोट, म्हणजे दोन्ही रूपं सारखी असलेला, म्हणून नोंदला जातो. याला नल अलील म्हणतात. उभयचरांत हा त्रास भरपूर आहे. त्यामुळे तुमच्या जातीसाठी तयार आणि तपासलेले दहा-बारा लोकस आधीच प्रसिद्ध झालेले असतील, तर मायक्रोसॅटेलाइट घ्या. नसतील तर एका पावसाळ्याच्या प्रकल्पात नवे तयार करायला जाऊ नका.

एसएनपीसाठी संदर्भ जीनोम नसलेल्या जातीत डीडीरॅड ही पद्धत सोयीची, २०१२ पासून वापरात आहे. दोन एन्झाइमने डीएनए कापायचा, ठरावीक लांबीचे तुकडे निवडायचे, तेवढेच सिक्वेन्स करायचे. हजारो लोकस मिळतात, त्यामुळे प्रत्येक ठिकाणी आठ-दहा प्राणीसुद्धा एफएसटीचा बऱ्यापैकी अंदाज द्यायला पुरतात. मायक्रोसॅटेलाइटला तेच पंचवीस-तीस लागतात. बेडकांच्या बाबतीत एक खबरदारी मात्र घ्यायला हवी. बऱ्याच बेडकांचा जीनोम माणसापेक्षा मोठा असतो आणि त्यात पुनरावृत्ती फार असते. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेला झेनोपस ट्रॉपिकॅलिसचा जीनोम १७० कोटी बेसचा आहे, पण तो बेडकांमध्ये लहान समजला जातो. जीनोम मोठा म्हणजे तुकडे जास्त, आणि तेवढ्याच पैशात प्रत्येक तुकड्याच्या वाट्याला वाचन कमी. वाचन विरळ झालं की पुन्हा हेटेरोझायगोट निसटतात. म्हणून एन्झाइमची जोडी दुसऱ्या कुणाच्या माशावरच्या पेपरमधून जशीच्या तशी उचलू नका. आधी दोन-तीन नमुन्यांवर करून किती तुकडे पडतात ते बघा.

एवढ्यावर माझं मत: १६एस सगळ्यांचं, आणि त्यावर मायक्रोसॅटेलाइट किंवा डीडीरॅड यांपैकी एक. तयार प्रायमर आहेत की नाहीत आणि डेटा हाताळायला सोबत कुणी आहे की नाही, यावर ते ठरवा. या दोन गोष्टींची माहिती तुमच्या प्रश्नात नाही, त्यामुळे त्यापुढचं मी इथून ठरवू शकत नाही.

पण मार्करइतकंच, खरं तर त्याहून जास्त, जातीवर अवलंबून आहे. वरचं गणित परत बघा. आपला नेहमीचा भेक, डटाफ्रायनस मेलॅनोस्टिक्टस, सोसायटीच्या गटारापासून जंगलापर्यंत सगळीकडे आहे. घराच्या मोरीत येणारा झाडबेडूक, पॉलिपेडेट्स मॅक्युलेटस, तोही तसाच. यांची संख्या मोठी, यांना बागा चालतात, कुंड्या चालतात. पंचवीस पिढ्यांच्या रस्त्याचा परिणाम यांच्यात शोधायला गेलात तर काही दिसणार नाही, आणि ‘रस्त्याचा परिणाम नाही’ असा चुकीचा निष्कर्ष छापला जाईल. रस्ता हाच तुमचा प्रश्न असेल, तर ओढ्याला, ओल्या कातळाला किंवा जंगलाच्या सावलीला चिकटून राहणारी, लहान लहान वसाहती करणारी जात घ्या. उदाहरणार्थ इंडिराना लीथाय. १८८८ मध्ये बुलेंजर यांनी त्याचं वर्णन केलं ते माथेरानच्या नमुन्यांवरून. त्याच्या अळ्या पाण्यात पोहत नाहीत, ओल्या कातळावर चिकटून सरकतात. अशा बेडकाला डांबराची रुंद पट्टी ओलांडणं फार कठीण. तो तुमच्या चारपैकी कुठे आणि किती आहे, ते मात्र नमुने घेण्याआधी प्रत्यक्ष फिरून आणि बीएनएचएसच्या (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) नोंदी बघून ठरवा.

मोठ्या बेडकाचं, म्हणजे होप्लोबॅट्रॅकसचं, आकर्षण अनेकांना असतं. पहिल्या पावसात हळदीसारखे पिवळे झालेले नर दिसले की कुणालाही वाटेल, यांच्यावरच काम करू. पण त्याच्यामागे माणसाचा वेगळाच इतिहास आहे. बेडकाच्या तंगड्यांची निर्यात भारताने १९८७ मध्ये बंद केली, तोवर हा बेडूक प्रचंड प्रमाणात पकडला गेला. कोकणात आजही पहिल्या पावसात तो खाण्यासाठी पकडणारे आहेत. त्याची विविधता कमी आढळली तर ती रस्त्याने की पकडीने, हे तुमच्या नमुन्यांवरून वेगळं काढता येणार नाही.

आता नमुने कुठे घ्यायचे ते. चार ठिकाणी जाऊन प्रत्येकी तीस बेडूक, असा तुमचा आराखडा दिसतो. यात अंतर आणि अडथळा एकमेकांत मिसळलेत. कर्नाळा तसंही लांब आहे. रस्ता असो वा नसो, लांबचे बेडूक थोडे वेगळे असणारच. त्यापेक्षा जोड्या करा. रस्त्याच्या एकाच बाजूला एकमेकांपासून साधारण एक किलोमीटरवरची दोन डबकी, आणि तेवढ्याच अंतरावर पण रस्ता मध्ये असलेली दोन डबकी. अशा काही जोड्या उद्यान आणि आरेच्या सीमेवर मिळतात. दुसऱ्या प्रकारच्या जोड्यांत फरक सातत्याने जास्त आला, तर रस्त्याबद्दल बोलायचा अधिकार मिळतो. तुंगारेश्वर ठेवा, खाडीची जुनी तुलना म्हणून ते उपयोगी आहे. पण खाडी म्हणजे पूर्ण बंद दार असं गृहीत धरू नका. पावसाळ्यात उल्हासच्या पुराने वरच्या भागातलं पाणी गोडं होतं, जलपर्णीचे गठ्ठे वाहत येतात, आणि त्यावरून काय काय वाहत येतं ते आपण मोजलेलं नाही. कर्नाळा सोडून द्या, पैसे वाचतील.

डबक्यातून बेडूकमासे गोळा करणं सोपं असतं, म्हणून सगळे तेच करतात. टाळा. एका डबक्यातले बेडूकमासे बहुधा दोन-चार माद्यांचीच पोरं असतात. तुम्ही तीस नमुने घेतलेत असं वाटतं, प्रत्यक्षात दोन-चार कुटुंबं घेतलेली असतात, आणि प्रत्येक डबकं वेगळी वसाहत असल्याचा भास होतो. प्रौढ घ्या. रात्री ओरडणारे नरच जास्त मिळतात, पण मादीही मिळेल तेव्हा घ्या आणि लिंगाची नोंद ठेवा.

ऊतक घेण्याबद्दल. प्राणी मारायची गरज नाही. मोठ्या बेडकाच्या तोंडातून स्वॅब घेता येतो. दोन सेंटिमीटरच्या मिनर्वारियाचं तोंड त्याला पुरत नाही, तिथे एका बोटाचं फक्त टोक पुरतं. दर बेडकाला नवे हातमोजे, कात्री दर वेळी ब्लीचने आणि पाण्याने धुऊन. हे डीएनए मिसळू नये म्हणून जितकं, तितकंच बुरशीचा संसर्ग एका डबक्यातून दुसऱ्यात जाऊ नये म्हणून. बुटांचे तळही धुवा. ऊतक शुद्ध इथेनॉलमध्ये ठेवा, दुसऱ्या दिवशी इथेनॉल बदला, कारण ऊतकातलं पाणी त्यात उतरलेलं असतं. स्पिरिट नको, आणि फॉर्मलिन तर मुळीच नको. त्यात डीएनए इतका जखडतो की पुढे तुमच्या प्रयोगशाळेला तो काढता येणार नाही. इथेनॉलचा परवाना उत्पादन शुल्क खात्याकडून लागतो, कॉलेजकडे आहे का ते आत्ताच विचारा. आणि नळीवर फक्त मार्करने नंबर लिहू नका. पावसात ओल्या हाताने झाकण उघडताना इथेनॉलचा एक थेंब ओघळला की शाई पुसून जाते. जाड कागदाच्या चिटोऱ्यावर पेन्सिलीने नंबर लिहून तो चिटोरा नळीच्या आत टाका. कोरडे स्वॅब पावसाळ्यात मुंबईत टिकत नाहीत, बुरशी धरतात, तेही बफरमध्ये किंवा इथेनॉलमध्येच ठेवा.

परवाना मिळण्याआधी पावसाळ्यात एकही ऊतक घेऊ नका. राष्ट्रीय उद्यानात आणि अभयारण्यात नमुने घ्यायला वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार परवानगी लागते. अर्ज प्रधान मुख्य वनसंरक्षक, वन्यजीव, नागपूर यांच्याकडे जातो. आरेचा कोणता भाग कुणाच्या ताब्यात आहे ते वेगळं विचारावं लागेल. रात्रीच्या कामाचा उल्लेख अर्जात स्पष्ट करा आणि वनरक्षकाशिवाय आत जाऊ नका, तिथे बिबटे आहेत. नमुने परदेशी प्रयोगशाळेत पाठवायचा विचार असेल तर चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाचीही परवानगी लागेल. मी विद्यार्थ्यांना दिवाळीच्या आसपास अर्ज टाकायला सांगतो, तेव्हा कुठे मृगाच्या आधी कागद हातात पडतो.

दिवाळी ते जून या मधल्या काळात एक काम घरी बसून होण्यासारखं आहे, आणि बहुतेक जण ते करत नाहीत. पॉवसिमसारख्या प्रोग्रॅममध्ये तुमच्या जातीची अंदाजे प्रभावी संख्या, पिढ्या, लोकस आणि नमुन्यांची संख्या घाला, आणि ०.०१ एवढा फरक खरोखर असला तर तुमच्या आराखड्याला तो किती वेळा सापडेल ते बघा. शंभरातून तीसच वेळा सापडत असेल, तर लोकस वाढवा, जात बदला किंवा प्रश्न बदला. हा आकडा प्रबंधात छापा. मग शेवटी फरक सापडला नाही, तरी केवढा फरक असता तर तो तुम्हाला सापडलाच असता, हे तुम्ही आकड्यानिशी सांगू शकाल.